‘शून्य अल्कोहोल’ची बाटली आणि व्यसनमुक्तीची वाट

मोठ्या शहरांतील किराणा दुकानांच्या शीतकपाटात फळांच्या रसांशेजारी आता अल्कोहोलविरहित बिअरही मांडलेली असते. बाटलीचा आकार बिअरचा, फेस बिअरचा, नावही बहुधा एखाद्या प्रसिद्ध बिअरचेच. वेगळा असतो तो केवळ वेष्टनावरील शून्याचा आकडा. किंगफिशर रॅडलर, हायनेकेन ०.०, बडवायझर ०.० अशी पेये मद्यविक्रीच्या परवान्याशिवाय विकली जातात आणि मोबाइलवरून मागवल्यास भाजीच्या पिशवीसोबत घरी येतात. ज्याने कधी दारू घेतलीच नाही किंवा जो अधूनमधून घेतो, त्याच्या दृष्टीने हे आणखी एक शीतपेय. मात्र दारूच्या व्यसनातून बाहेर पडून सहा महिने किंवा सहा वर्षे झालेल्या माणसाच्या हाती ही बाटली आली, तर ती त्याच्या हिताची ठरते का, हा प्रश्न आता मराठी घरांतही विचारला जाऊ लागला आहे. अनेकदा तो घरातील माणसेच विचारतात. लग्नकार्यात किंवा ३१ डिसेंबरच्या रात्री ‘त्याला एकटे वाटू नये’ म्हणून ती बाटली आणणारे हात त्यांचेच असतात.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील प्रचलित सल्ला स्पष्ट आहे: उपचारांनंतरच्या पहिल्या काळात ही पेये टाळावीत आणि पुढेही ती घेण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलावे. या सल्ल्यामागचे कारण मात्र सर्वसाधारण समजुतीपेक्षा वेगळे आहे. बाटलीत उरलेला अल्कोहोलचा अंश हा या प्रश्नाचा लहानसा भाग होय. मोठा भाग चवीचा, वासाचा आणि सवयीचा आहे.

शून्य म्हणजे किती?

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची मद्यार्कयुक्त पेयांविषयीची मानके २०१८ मध्ये अधिसूचित झाली आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. त्यांनुसार आकारमानाच्या ०.५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले पेय ‘मद्यार्कयुक्त’ ठरते. त्याखालील पेय या व्याख्येबाहेर राहते. याचा अर्थ असा की, अल्कोहोलविरहित म्हणून विकले जाणारे प्रत्येक पेय काटेकोर अर्थाने कोरडे असेलच असे नाही. देशोदेशीचे नियमही सारखे नाहीत. जर्मनीत ०.५ टक्क्यांपर्यंतची बिअर ‘अल्कोहोलमुक्त’ म्हणून विकता येते, तर ब्रिटनमधील मार्गदर्शक नियमांत त्या शब्दासाठी ०.०५ टक्क्याची मर्यादा आहे. त्यामुळे आयात केलेल्या बाटलीवरील मोठ्या अक्षरांतील शब्दापेक्षा मागील बाजूस बारीक छापलेला टक्का अधिक खरे सांगतो.

या पेयांच्या निर्मितीच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत नेहमीची बिअर तयार करून तिच्यातून अल्कोहोल काढून घेतले जाते. हवेचा दाब कमी केला की अल्कोहोल कमी तापमानाला उडून जाते आणि चव फारशी बिघडत नाही. किंवा अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून बिअर गाळून ते वेगळे करता येते. दुसऱ्या रीतीत आंबवण्याची क्रियाच अर्ध्यावर थांबवली जाते, किंवा अल्कोहोल फारसे तयार न करणारे किण्व वापरले जाते. बाजारात मिळणारी काही माल्ट पेये तर आंबवलेलीच नसतात. ती बिअरच्या चवीची सरबते असतात. ग्राहकाला बाहेरून हा फरक कळत नाही.

हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. ३३० मिलिलिटरच्या बाटलीत ०.५ टक्का अल्कोहोल म्हणजे १.६५ मिलिलिटर, सुमारे १.३ ग्रॅम. पाच टक्क्यांच्या तेवढ्याच बिअरमध्ये ते १३ ग्रॅम असते. आपल्याकडील ६५० मिलिलिटरची आठ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ बिअर घेतली, तर तिच्याइतके अल्कोहोल पोटात जाण्यासाठी ०.५ टक्क्याच्या तीसहून अधिक बाटल्या रिचवाव्या लागतील. निरोगी माणसाचे यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोलची विल्हेवाट लावते. म्हणजे एका बाटलीतील अंश रक्तात साठण्याआधीच नाहीसा होतो. जास्त पिकलेले केळे, पाव आणि फळांचे रस यांतही नैसर्गिकरीत्या अल्कोहोलचा अत्यल्प अंश असतो; व्यसनमुक्तीतील माणसाला कोणी केळी खाऊ नको म्हणत नाही.

या पेयांचे समर्थक नेमका हाच हिशेब पुढे करतात आणि तो हिशेब चुकीचा नाही. तो अपुरा आहे.

‘बसणे’ आणि पिणे

मराठीत ‘बसणे’ या साध्या क्रियापदाला दारूच्या संदर्भात वेगळाच अर्थ आहे. ‘आज बसू या का?’ या प्रश्नात दारूचा उल्लेख नसतो, तरी विचारणारा आणि ऐकणारा दोघांनाही तो कळतो. या एका शब्दात संध्याकाळची विशिष्ट वेळ, ठरावीक मित्र, शेंगदाणे किंवा चकल्यांचा चकणा, बर्फाचा आवाज, पहिला घोट आणि त्यानंतर सैल होणारी जीभ असे सगळे सामावलेले असते. व्यसन जडलेल्या माणसाच्या मेंदूने हा संपूर्ण क्रम पाठ केलेला असतो. दारू हा त्या क्रमातील एक दुवा. बाटलीतून केवळ तो दुवा काढला आणि बाकीचे सगळे जसेच्या तसे ठेवले, तर शिल्लक राहते ते ‘बसणे’च.

मेंदूविज्ञान या निरीक्षणाला दुजोरा देते. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २०१३ मध्ये ‘न्यूरोसायकोफार्माकोलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४९ पुरुषांच्या मेंदूचे पॉझिट्रॉन उत्सर्जन तंत्राने चित्रण करण्यात आले. प्रत्येकाच्या जिभेवर त्याच्या आवडत्या बिअरचे थेंब थोडे थोडे फवारले गेले. पंधरा मिनिटांतले त्याचे एकूण प्रमाण जेमतेम १५ मिलिलिटर होते, म्हणजे नशा चढण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही खेळाडूंच्या एका सामान्य पेयाशी तुलना करता, बिअरच्या चवीने मेंदूतील सुखापेक्षेशी निगडित भागात डोपामिनचे स्रवण वाढले आणि पिण्याची इच्छाही वाढली. ज्यांच्या जवळच्या नातलगांत मद्यासक्तीचा इतिहास होता, त्यांच्यात हा परिणाम अधिक ठळक होता.

या अभ्यासाच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. सहभागी सर्व पुरुष होते, ते उपचार घेत असलेले रुग्ण नव्हते आणि डोपामिन वाढले म्हणजे माणूस त्याच रात्री गुत्त्यावर गेला असे होत नाही. तथापि अल्कोहोल रक्तात पोहोचण्याच्या आधीच चव आपले काम सुरू करते, एवढे त्यातून निश्चित दिसते. अल्कोहोल काढून घेतलेल्या बिअरमध्ये चव टिकवण्यासाठीच तर कारखान्यात एवढा खटाटोप केला जातो. नक्कल जितकी हुबेहूब, तितके ते पेय ग्राहकासाठी चांगले आणि व्यसनातून सुटू पाहणाऱ्यासाठी तितकेच जोखमीचे, असा हा विचित्र व्यवहार आहे.

तलफ उठल्यावर पुढे काय होते, हे व्यसनमुक्तीच्या गटांत बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. ‘एकाने काय होते’ हा विचार पहिल्यांदा अल्कोहोलविरहित बाटलीच्या बाबतीत येतो आणि पटतो, कारण खरोखरच काही झालेले नसते. पुढच्या खेपेस तोच विचार दुसऱ्या बाटलीच्या बाबतीत येतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही बंधुता १९३५ मध्ये अमेरिकेतील अक्रन येथे सुरू झाली. महाराष्ट्रातही तिच्या मराठी सभा भरतात. पहिला प्याला टाळणे आणि केवळ आजच्या दिवसापुरते न पिणे ही तिची शिकवण. इंग्रजी भाषक गटांत या पेयांविषयी एक मिस्कील म्हण रूढ आहे, तिचा आशय असा की, ‘नॉन-अल्कोहोलिक’ बिअर ही जे ‘अल्कोहोलिक’ नाहीत त्यांच्यासाठीच असते.

काशीतले सोडणे

पेयातील अंश मोजण्याचा आणि ते सोडण्याचा संबंध किती कमी आहे, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेतच जावे लागते असे नाही. वाराणसीत नारद घाटाच्या शेजारी एक दगडी घाट आहे. आज तो राजा घाट म्हणून ओळखला जातो. मराठी यात्रेकरूंच्या तोंडी त्याचे जुने नाव अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे १८०३ मध्ये इंग्रजांशी झालेल्या करारानंतर सात लाखांच्या वार्षिक तनख्यावर उत्तरेत स्थायिक झाले आणि १८२४ मध्ये काशीजवळच वारले. त्यांच्या दानधर्मासाठी हा परिसर प्रसिद्ध होता.

काशीयात्रेला जाऊन एखादी आवडती वस्तू कायमची सोडण्याची प्रथा मराठी घरांत जुनी आहे. कोणी एखादे फळ सोडतो, कोणी भाजी, कोणी तंबाखू. ही प्रथा पाळणारी आजी सोडलेल्या फळाच्या स्वादाचे सरबत घेत नाही. त्या सरबतात फळाचा अंश किती, हे ती विचारतही नाही. महाराष्ट्रातील वारकऱ्यांची माळ हे याहून ठळक उदाहरण. ‘त्याने माळ घातली’ एवढे म्हटले, की गावात त्याने दारू आणि मांसाहार सोडल्याचे सर्वांना समजते. मग त्याला कोणी ‘बसायला’ बोलावत नाही. सोडणे संपूर्ण असते, ते सर्वांसमक्ष असते आणि त्याला भजनी मंडळाची, एकादशीची, वर्षाच्या वारीची सोबत असते. दारूची सुटलेली संध्याकाळ दुसऱ्या कशाने तरी भरून निघते. आधुनिक व्यसनमुक्ती उपचारांतही पूर्ण वर्ज्यता, गटाचा आधार आणि रिकाम्या वेळेची नवी घडी या तिन्हींवर भर असतो. निव्वळ श्रद्धेने मद्यासक्तीचा आजार बरा होतो असा याचा अर्थ नव्हे. काशीत शपथ घेऊन परतताना गाडीतच पुन्हा प्यायलेल्यांच्या कहाण्या घराघरांत आहेत आणि त्यांत शपथेपेक्षा उपचारांचा अभाव अधिक दिसतो.

घाटावरून दशाश्वमेधकडे आणि पुढे गोदौलियाच्या चौकाकडे निघाले, की ठंडाईची दुकाने लागतात. बदाम, बडीशेप, खसखस, मिरी, वेलची आणि दूध यांची ही ठंडाई साधी मिळते, तशी भांग घातलेलीही मिळते. उत्तर प्रदेशात भांगेची दुकाने सरकारी परवान्याने चालतात. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या केंद्रीय कायद्यातील गांजाच्या व्याख्येत शेंड्यांविना असलेली पाने येत नाहीत, म्हणून हे शक्य होते. महाराष्ट्रात मात्र भांगेवर दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. गांजा किंवा भांग सोडलेल्या माणसासाठी साधी ठंडाई निर्धोक आहे का? रासायनिक उत्तर ‘हो’ असे आहे. तथापि तोच पेला, तोच केशराचा वास, तेच दुकान आणि बाजूच्या गिऱ्हाईकाने मागितलेली गोळी पाहता, जाणता समुपदेशक त्याला ठंडाई घरी करून प्यायला सांगेल. बिअरच्या बाटलीचा प्रश्न हाच आहे. फक्त तिची घरी आणलेली प्रतही दुकानातल्यासारखीच दिसते.

दारूला पर्याय म्हणून निर्मद्य पेय पुढे करण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. दारूबंदीच्या काळात गांधीवादी कार्यकर्त्यांनी आणि खादी-ग्रामोद्योग चळवळीने नीरेचा पुरस्कार केला. पहाटे उतरवलेला ताडाचा किंवा शिंदीचा ताजा रस म्हणजे नीरा. ती गोड आणि पौष्टिक असते. पण ऊन चढू लागले, की आपोआप आंबते आणि काही तासांत तिची ताडी होते. म्हणून नीरा केंद्रांत तिला थंड ठेवावे लागते. त्याच झाडाचा, त्याच मडक्यातला रस सकाळी निर्मद्य आणि दुपारी मद्य. ताडी सोडलेल्या माणसाने नीरा प्यावी का, याचे उत्तर तो ती कुठे, केव्हा आणि कोणासोबत पितो यावर अवलंबून राहते.

औषधाच्या बाटलीतील दारू

शून्याच्या आकड्यावर वाद घालणाऱ्या घरात त्याहून मोठा अंश औषधाच्या कपाटातून येत असतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट यांसारखी आयुर्वेदिक आसवे आणि अरिष्टे आंबवूनच तयार होतात. त्यांत स्वतः निर्माण झालेले अल्कोहोल साधारण पाच ते दहा टक्के असू शकते आणि त्याचे प्रमाण वेष्टनावर लिहिलेले असते. आठ टक्क्यांच्या अरिष्टाच्या २० मिलिलिटरच्या एका मात्रेत १.६ मिलिलिटर अल्कोहोल जाते, म्हणजे ०.५ टक्क्याच्या एका अख्ख्या बिअरबाटलीइतके. मात्रेपुरते ते क्षुल्लक आहे. परंतु मद्यासक्ती असलेली व्यक्ती मात्रेपाशी थांबेलच असे नाही आणि ‘औषध आहे’ या शब्दाला घरात कोणी आक्षेप घेत नाही. खोकल्याची काही औषधे, होमिओपॅथीचे मूळ अर्क आणि तोंड धुण्याची काही द्रावणे यांतही अल्कोहोल असते. व्यसनमुक्तीतील व्यक्तीने प्रत्येक डॉक्टरला, वैद्याला आणि औषध विक्रेत्याला आपला पूर्वेतिहास सांगावा, असा सल्ला म्हणूनच दिला जातो.

औषधातील अल्कोहोल दारू समजायचे की नाही, हा प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ‘मद्य’ या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक केली होती, की तीत अल्कोहोलयुक्त औषधे आणि प्रसाधनेही येत होती. एफ. एन. बलसारा यांच्या प्रकरणात १९५१ मध्ये न्यायालयाने कायद्याचा मोठा भाग वैध ठरवला, मात्र औषधी आणि प्रसाधनी द्रव्यांना लागू होणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. कायद्याचे समाधान त्यामुळे झाले. शरीराचे नियम निराळे आहेत.

हे विशेषतः डायसल्फिराम हे औषध घेणाऱ्यांना लागू पडते. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९४८ मध्ये दारू सोडवण्यासाठी त्याचा उपयोग पुढे आणला आणि भारतात ते आजही दिले जाते. अल्कोहोलचे शरीरात विघटन होताना तयार होणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडचा पुढील निचरा हे औषध रोखते. परिणामी दारू पोटात जाताच चेहरा लाल होणे, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणे असे त्रास सुरू होतात. गंभीर प्रसंगी जिवावरही बेतू शकते. काही संवेदनशील रुग्णांत अल्प प्रमाणही पुरेसे ठरते. गोळी थांबवल्यानंतरही सुमारे दोन आठवडे हा परिणाम टिकू शकतो. त्यामुळे डायसल्फिराम घेणाऱ्याने ०.५ टक्क्याची बिअर आणि आसव-अरिष्टे दोन्ही वर्ज्य मानावीत, असे डॉक्टर सांगतात. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती रंगवलेल्या दिसतात. रुग्णाच्या अन्नात त्याच्या नकळत अशी औषधे मिसळणे हा उपचार नव्हे, तो धोका आहे.

ज्यांच्या नोकरीत किंवा उपचारांत नियमित मूत्रतपासणी होते, त्यांच्यासाठी आणखी एक बाब. दारू घेतल्यानंतर मूत्रात एथिल ग्लुकुरोनाइड हा घटक बराच काळ आढळतो आणि त्याची चाचणी अतिशय संवेदनशील असते. अल्कोहोलविरहित बिअर मोठ्या प्रमाणात प्यायल्यानंतरही ती सकारात्मक येऊ शकते. आपण प्यायलो नाही, हे सिद्ध करण्याची वेळ मग त्या माणसावर येते.

कोणासाठी उपयोगी, कोणासाठी नाही

या पेयांच्या बाजूने पुरावाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जपानमधील त्सुकुबा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘बीएमसी मेडिसिन’ या नियतकालिकात १२३ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. जास्त पिणाऱ्यांपैकी एका गटाला बारा आठवडे अल्कोहोलविरहित पेये मोफत पुरवण्यात आली आणि त्या गटाचे दारू पिणे दुसऱ्या गटाच्या तुलनेत लक्षणीय घटले. मात्र मद्यावलंबित्वाचे रुग्ण या चाचणीतून मुळातच वगळलेले होते. हा तपशील जाहिरातींत येत नाही. दारू कमी करू इच्छिणारा माणूस आणि दारूपुढे हतबल झालेला माणूस हे दोन वेगळे रुग्ण आहेत. पहिल्याला उपकारक ठरलेली गोष्ट दुसऱ्याच्या गळी उतरवणे वैद्यकीयदृष्ट्या योग्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये या पेयांचा सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने आढावा घेताना सावध भूमिका घेतली.

वर्षानुवर्षे न प्यायलेल्या काही व्यक्ती अशी पेये घेतात आणि त्यांना काही होत नाही, हेही खरे आहे. अशा व्यक्तींना आपली तलफ ओळखता येते, ती उठली तर कोणाला फोन करायचा हे ठाऊक असते आणि बाटली ‘बसण्या’ऐवजी जेवणाच्या ताटाशेजारी असते. कारणही तपासून पाहण्याजोगे असते. तहान लागली म्हणून घेतले की जुनी आठवण आली म्हणून घेतले, याचे प्रामाणिक उत्तर त्या माणसालाच देता येते. एका बाटलीनंतर आणखी हवीशी वाटणे, ती कुटुंबापासून लपवावीशी वाटणे किंवा ‘यात काहीच नाही’ याची चिडचिड होणे, ही धोक्याची चिन्हे समजली जातात.

बाजाराला हा भेद परवडत नाही. मद्याच्या जाहिरातींवर बंदी असलेल्या देशात त्याच नावाचे, त्याच रंगांचे निर्मद्य पेय हे नाव लोकांच्या डोळ्यांपुढे ठेवण्याचे साधन बनते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा छुप्या जाहिरातींना मनाई करण्यात आली. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे; शून्याच्या बाटलीला ती लागू होत नाही.

या प्रश्नाचा पल्ला लहान नाही. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय केंद्राने केलेल्या आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, मद्यपान करतात. त्यांपैकी ५.७ कोटी लोकांना दारूमुळे उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज आहे. मद्यावलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाले होते. उरलेल्या ३७ जणांच्या घरी शून्याची बाटली हा उपचार समजला जाण्याची शक्यता आहे आणि तिथे धोका वेगळाच उभा राहतो. रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली, तर हात थरथरणे, घाम, निद्रानाश यांपासून फिट आणि भ्रमिष्टावस्थेपर्यंत लक्षणे उद्भवू शकतात. ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ नावाची ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. अल्कोहोलविरहित बिअर तिला रोखू शकत नाही. असे सोडणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे लागते.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे महाराष्ट्रातील या कामाचे सर्वपरिचित नाव. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभे केले, तर पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा आधार त्याला आरंभीच मिळाला. अशा केंद्रांच्या कामात निवासी उपचारांइतकेच महत्त्व नंतरच्या पाठपुराव्याला आणि कुटुंबाच्या सहभागाला असते. दारू सोडलेल्या माणसाच्या पत्नीला, आईला किंवा भावाला त्याच्याशी कसे वागावे, हेही शिकावे लागते. समारंभात त्याच्या हाती काहीतरी असावे, ही त्यांची इच्छा रास्त आहे. कोकम सरबत, पन्हे, मसाला ताक, सोलकढी, उसाचा रस यांपैकी कोणत्याही पेयाला दारूची आठवण चिकटलेली नाही. बंद खोलीतल्या मैफलीऐवजी जेवणाच्या पंगतीत त्याची जागा ठेवणे, निघायचे तेव्हा निघता येईल असे वाहन हाताशी असणे आणि ‘आज प्यायचे नाही’ यावर दुसऱ्यांदा कोणी आग्रह न करणे, या गोष्टी पेयाच्या निवडीहून अधिक उपयोगी पडतात.

नकळत किंवा मोहाने अशी बाटली घेतली गेली, तर तो गुन्हा मानून घरात पंचायत भरवण्याचे कारण नाही. ती गोष्ट त्याच दिवशी समुपदेशकाला किंवा गटातील जुन्या सहकाऱ्याला सांगणे महत्त्वाचे. दडवलेली लहान घसरण उघड झालेल्या मोठ्या घसरणीपेक्षा जास्त नुकसान करते, असा या क्षेत्रातील अनुभव आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर, तर टेली-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असून दोन्हींवर कुटुंबीयांनाही सल्ला घेता येतो.